कवडसा आणि गोमुख : एका आधुनिक चित्राला विद्यार्थिनीने दिलेला प्रतिसाद

१

साहित्याच्या वर्गात ‘रसग्रहण’ हा शब्द इतका सरावाचा झाला आहे की त्यामागे उभा असलेला प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कवितेचे रसग्रहण लिहावयाचे म्हणजे काय करावयाचे, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. निदान परीक्षेपुरते तरी ठाऊक असते. प्रतिमा दाखवाव्यात, वृत्त किंवा मुक्तच्छंद ओळखावा, आशय सांगावा आणि शेवटी कवीच्या वेगळेपणाविषयी चार वाक्ये लिहावीत. त्याच विद्यार्थ्यासमोर एखादे आधुनिक चित्र ठेवून ‘तुला काय दिसते ते लिही’ असे म्हटले, की त्याची लेखणी अडते. चित्र पाहण्याची क्षमता त्याच्यापाशी नसते असे नव्हे. आपण जे पाहतो ते लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, यावर त्याचा विश्वास नसतो. मग तो ग्रंथालयात जातो, कोणी तरी केव्हा तरी केलेले विधान उतरवून घेतो आणि आपल्या डोळ्यांना रजा देतो.

व्यक्तिगत प्रतिसाद हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, आणि होत असेल तर कोणत्या अटींवर, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो केवळ तात्त्विक पातळीवर मांडण्याऐवजी एका विशिष्ट टिपणाच्या आधारे तपासून पाहावा असे योजिले आहे. हे टिपण भारतीय साहित्यांच्या तौलनिक अभ्यासाच्या पदव्युत्तर वर्गातील एका मराठीभाषक विद्यार्थिनीने कोलकात्यातील अभ्यासदौऱ्यात लिहिले. ती विदर्भातली. चित्र होते गगनेंद्रनाथ ठाकुरांच्या घनवादी अंतर्गृहचित्रांपैकी एकाची छापील प्रतिकृती. सूचना दोनच होत्या : अर्धा तास चित्राखेरीज काहीही पाहू नये, आणि टिपण मातृभाषेत लिहावे. त्याच दिवशी सकाळी विद्यार्थ्यांचा गट मैदानातून फोर्ट विल्यमच्या कडेकडेने चालत गेला होता. ही गोष्ट टिपणाच्या दृष्टीने गौण ठरेल असे वाटले होते. ती तशी ठरली नाही. म्हणून चित्राकडे वळण्यापूर्वी त्या स्थळाचा विचार करणे आवश्यक आहे.

२

आज मैदानाच्या कडेला जो किल्ला उभा आहे तो कलकत्त्याचा दुसरा फोर्ट विल्यम. पहिला किल्ला हुगळीच्या काठी, आजच्या डाक कार्यालयाच्या परिसरात होता आणि १७५६ साली सिराजउद्दौल्याने तो जिंकून घेतला. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये नव्या किल्ल्याचे काम सुरू झाले आणि ते पुढे वीस वर्षांहून अधिक काळ चालले. जागा होती गोविंदपूर या गावाची. गावकऱ्यांना तेथून हलविण्यात आले. किल्ल्याचा आराखडा अनियमित अष्टकोनी आहे. युरोपातील तत्कालीन दुर्गशास्त्राप्रमाणे त्याचे बुरूज टोकदार कोनांत पुढे काढलेले आहेत. या रचनेमागील तत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. तटाचा प्रत्येक भाग दुसऱ्या कोणत्या तरी भागावरून दिसला पाहिजे आणि त्याच्या पायथ्याशी आलेल्या माणसावर आडवा मारा करता आला पाहिजे. शत्रूला लपता येईल असा एकही आंधळा कोपरा उरता कामा नये. किल्ल्याभोवतीची विस्तीर्ण मोकळी जागा, म्हणजेच आजचे मैदान, तीही याच हेतूने मोकळी ठेवण्यात आली. तोफेच्या आणि नजरेच्या आड काहीही येऊ नये, असा तो हेतू. तट बुटके आणि खंदकाच्या मागे दबलेले असल्यामुळे दुरून किल्ला मात्र फारसा दिसत नाही. जो सर्वांना पाहतो तो स्वतः दृष्टीस पडत नाही, अशी ही वास्तू आहे.

मराठी वाचकाला या किल्ल्याचे नाव परिचित आहे ते वेगळ्या कारणाने. १८०० साली लॉर्ड वेलस्लीने स्थापन केलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम केरी मराठी शिकवीत असे. पंडित वैजनाथशास्त्र्यांच्या साहाय्याने त्याने मराठी भाषेचे व्याकरण सिद्ध केले. ते १८०५ साली श्रीरामपूर येथे छापले गेले. १८१० मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, तो मोडी टंकात. पुढे सिंहासनबत्तिशी, हितोपदेश, राजा प्रतापादित्याचे चरित्र, रघुजी भोसल्यांची वंशावळी अशी पुस्तके तेथूनच निघाली. कॉलेज किल्ल्याच्या नावाने ओळखले जात असले तरी ते किल्ल्यात भरत नव्हते. रायटर्स बिल्डिंगमध्ये भरे. तेथील विद्यार्थी म्हणजे कंपनीच्या नोकरीसाठी विलायतेहून आलेले कोवळे तरुण. त्यांनी लिहिलेल्या निबंधांचा एक संग्रह १८०२ साली छापला गेला होता. विद्यार्थ्याने स्वतः लिहावे आणि ते छापण्याच्या योग्यतेचे मानावे, ही कल्पना या शहरात इतकी जुनी आहे. मात्र त्या विद्यार्थ्यांनी भारतीय भाषा शिकावयाच्या त्या राज्यकारभारासाठी. त्या भाषांत स्वतःचे काही अनुभवावे, अशी अपेक्षा तेथे नव्हती.

या स्थळाला आणखी एक मराठी पदर आहे आणि तो सुखद नाही. १७४२ पासून नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करू लागल्या. त्या स्वारांना बंगालीत ‘बर्गी’ म्हणतात. शब्द मूळचा आपला, ‘बारगीर’, म्हणजे स्वतःचे घोडे नसलेला, सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या १७५१ च्या बंगाली काव्यात या स्वाऱ्यांचे भीषण वर्णन आहे, आणि बंगाली आया आजही लेकरांना निजविताना बर्गींचे नाव असलेले अंगाईगीत म्हणतात. कलकत्त्याच्या रहिवाशांनी त्यांच्या भीतीने १७४२ मध्ये शहराभोवती जो खंदक खणावयास घेतला, त्याचे नावच ‘मराठा खंदक’ पडले. तो पुरता खणलाही गेला नाही, आणि मराठे त्या शहरावर कधी चालूनही आले नाहीत. १७९९ मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड हा रस्ता तयार करण्यात आला.

इतिहासाने या गोष्टीला नुकतेच एक अनपेक्षित वळण दिले. भारतीय सैन्याच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेल्या फोर्ट विल्यमचे नाव २०२४ च्या अखेरीस ‘विजयदुर्ग’ असे ठेवण्यात आले. कोकणच्या किनाऱ्यावरील, मराठ्यांच्या आरमाराचे ठाणे असलेल्या किल्ल्याचे हे नाव. किल्ल्याच्या सेंट जॉर्ज दरवाजाला शिवाजी दरवाजा हे नाव मिळाले. ज्या शहराने एकेकाळी मराठ्यांपासून बचाव करण्यासाठी खंदक खणला, त्या शहरातील किल्ल्याला मराठी जलदुर्गाचे नाव मिळावे, याकडे पाहण्याच्या अनेक रीती असू शकतील. येथे एवढेच नोंदवावयाचे की आमच्या विद्यार्थिनीने चित्र पाहण्यापूर्वी त्या सकाळी हे सारे ऐकले होते. तिची दृष्टी कोरी नव्हती. कोणाचीच नसते.

३

आता चित्रकाराविषयी. गगनेंद्रनाथ ठाकुर (१८६७–१९३८) हे अवनींद्रनाथांचे वडील बंधू आणि रवींद्रनाथांचे पुतणे. रवींद्रनाथांच्या ‘जीवनस्मृती’साठी त्यांनी काढलेली शाईची चित्रे १९१२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९१७ च्या सुमारास त्यांनी बंगाली समाजावर अत्यंत बोचरी व्यंगचित्रे काढली. रंगमंचाच्या नेपथ्यातही त्यांना विलक्षण रस होता. जोडासाँको येथील घरात होणाऱ्या रवींद्रनाथांच्या नाटकांचे नेपथ्य त्यांनी केले. १९२१-२२ च्या सुमारास त्यांच्या चित्रांत कोनाकोनांनी फुटलेला अवकाश दिसू लागतो. जिने, कमानी, दालने, आरसे, खांब आणि त्यांच्यामधून अंधाराला कापीत जाणारे प्रकाशाचे धारदार तुकडे, असे या चित्रांचे विश्व आहे. लोलक आणि शोभादर्शक यांतून दिसणाऱ्या प्रकाशाच्या विघटनाचाही त्यांनी अभ्यास केला होता. १९३० मध्ये पक्षाघाताने त्यांचे काम थांबले.

जुलै १९२२ मध्ये स्टेला क्रामरिश या विदुषीने ‘रूपम्’ या कलकत्त्याच्या नियतकालिकात गगनेंद्रनाथांवर लेख लिहून त्यांना भारतीय घनवादी म्हणून ओळख दिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउस या जर्मन कलासंस्थेतील चित्रकारांच्या कृती कलकत्त्यात मांडण्यात आल्या. पाउल क्ले, कांडिन्स्की, फाइनिंगर, इटेन यांची चित्रे आणि गगनेंद्रनाथ, अवनींद्रनाथ, नंदलाल बोस यांची चित्रे तेव्हा एका छताखाली होती. व्हिक्टोरिया मेमोरियलचे उद्घाटन होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. साम्राज्याने संगमरवरात स्वतःची प्रतिमा उभी करावी आणि त्याच शहरात वर्षभराने नव्या चित्रकलेने सुस्थिर प्रतिमेची कल्पनाच मोडीत काढावी, हा योगायोग मोठा बोलका आहे.

या घटनेचा धागा पुढे मराठी मुलखापर्यंत येतो. १९५० मध्ये मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने कलकत्ता ग्रुपसमवेत कलकत्त्यातच संयुक्त प्रदर्शन भरविले. त्याच वर्षी प्रोग्रेसिव्ह ग्रुपशी जोडले गेलेले वासुदेव गायतोंडे यांच्या आरंभीच्या चित्रांवर पाउल क्लेचा ठसा स्पष्ट दिसतो. १९२२ मध्ये कलकत्त्याने पाहिलेला क्ले, एका पिढीनंतर, नागपुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या चित्रकाराला नव्याने भेटला. पहिली घटना दुसरीचे कारण आहे असे येथे सुचवावयाचे नाही. आधुनिक चित्रकला आपल्याकडे पुस्तकांतून आणि प्रतिकृतींतून आली, आणि जे प्रतिसाद तिला मिळाले तेही बहुधा विद्यार्थिदशेतील तरुणांचे होते, एवढेच ध्यानात घ्यावयाचे आहे.

४

टिपणाकडे वळू. चित्रात एक जिना आहे. तो डावीकडून वर चढतो आणि मध्येच एका कमानीत दिसेनासा होतो. कमानीमागे कमान आहे. पांढरे, राखी आणि काळे असे पट्टे एकमेकांना छेदतात. खालच्या कोपऱ्यात डोक्यावरून पदर घेतलेली एक लहानशी आकृती आपल्याकडे पाठ करून उभी आहे. एवढे वर्णन विद्यार्थिनीने पहिल्या परिच्छेदात केले, आणि ते करताना एकही पारिभाषिक शब्द वापरला नाही. तिच्या टिपणाचा हा पहिला गुण. वर्णन हे रसग्रहणाचे दुय्यम अंग आहे अशी समजूत रूढ आहे. चित्राच्या बाबतीत ती घातक ठरते, कारण वर्णन करताना घाई केली की नंतरचे सारे विवेचन वाऱ्यावर उभे राहते.

दुसऱ्या परिच्छेदात तिने चित्रातील प्रकाशाच्या पट्ट्यांना ‘कवडसे’ म्हटले. हा शब्द वरवर पाहता साधा, घरगुती आहे. कौलातल्या फटीतून किंवा झरोक्यातून माजघरात उतरणारा, जमिनीवर नेमका आकार घेऊन बसणारा उन्हाचा तुकडा म्हणजे कवडसा. परंतु या एका शब्दाने जे काम केले ते परिभाषेने झाले नसते. घनवादाची व्याख्या पाठ असलेला विद्यार्थी लिहितो, की येथे वस्तूचे अनेक पैलूंत विघटन झाले आहे. पिकासो आणि ब्राक यांच्या १९१० च्या आसपासच्या चित्रांविषयी ते खरे आहे : तेथे व्हायोलिन, बाटली, माणसाचा चेहरा, म्हणजे घन वस्तूच, फुटते. गगनेंद्रनाथांच्या या चित्रात मात्र जिना जिनाच राहतो, कमान कमानच राहते, आकृतीही शाबूत आहे. फुटतो तो प्रकाश. ‘कवडसा’ या शब्दात प्रकाशाला आकार आणि कड असलेली वस्तू मानण्याची सवय आधीच मुरलेली आहे. त्यामुळे पॅरिसचा घनवाद आणि जोडासाँकोचा घनवाद यांतील भेद तिला व्याख्येवाचून दिसला. देशी शब्द हा येथे अलंकार राहिला नाही. तो निरीक्षणाचे साधन झाला.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडते. कवडशाला नेहमी एक उगम असतो. फट कोठे आहे हे डोळा वर करून पाहिले की सापडते, आणि दिवस सरकेल तसा कवडसाही सरकतो. विद्यार्थिनीने हा उगम चित्रात शोधला. तिला तो मिळाला नाही. एक पट्टा उजवीकडून यावा, दुसरा समोरून यावा, तिसरा तर अंधाराच्याच पोटातून निघाला आहे असे वाटावे. तिने मग नोंदविले, की हे कवडसे खरे, परंतु या घराला छप्पर कोठे आहे आणि सूर्य कोणत्या बाजूस आहे हे चित्र सांगत नाही. म्हणून हा उजेड घरातला कमी आणि रंगमंचावरचा अधिक वाटतो. गगनेंद्रनाथांचा नाटकांशी असलेला संबंध तिला त्या वेळी ठाऊक नव्हता. शब्द चित्राला लावून पाहिला, तो जेथे बसला तेथे बसू दिला, आणि जेथे अपुरा पडला तेथून चित्राविषयी नवे काही हाती आले. व्यक्तिगत प्रतिसादाची शिस्त यापेक्षा वेगळी नसते.

५

तिसऱ्या परिच्छेदात विद्यार्थिनीने एक धाडसी तुलना केली. शिवकालीन गिरिदुर्गांच्या महादरवाजांची बांधणी ‘गोमुखी’ असते. दोन बुरुजांच्या कवेत वाट वळत जाते आणि दरवाजा समोरून दिसतच नाही. अगदी जवळ जाऊन वळल्याखेरीज तो सापडत नाही. रायगडचा महादरवाजा हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. तिच्या मते सकाळी पाहिलेला फोर्ट विल्यम आणि रायगड या दोन्ही वास्तू संरक्षणासाठीच बांधलेल्या आहेत, पण दृष्टीविषयीच्या त्यांच्या कल्पना परस्परविरुद्ध आहेत. एक किल्ला सर्व काही मोकळे करून दृष्टीच्या टप्प्यात आणतो; दुसरा वाट वळवून दृष्टी अडवितो. आणि हे चित्र, तिने लिहिले, गोमुखी आहे. जिना आपल्याला आत बोलावतो, पण प्रत्येक कमान पुढच्या कमानीला झाकते. खालच्या कोपऱ्यातील स्त्री दरवाजापाशी पोहोचलेली नाही. ती वळणावर आहे.

ही तुलना ग्राह्य मानावी काय? तिच्यावर सहज घेता येईल असा आक्षेप उघड आहे : गगनेंद्रनाथांनी गोमुखी दरवाजे पाहिले होते असे मानण्यास आधार नाही, आणि चित्राचा विषय कलकत्त्यातील एका मोठ्या घराचे अंतर्गृह आहे, सह्याद्रीतला किल्ला नव्हे. परंतु हा आक्षेप प्रभावाच्या दाव्यावर लागू पडतो; साधर्म्याच्या दाव्यावर पडत नाही. तौलनिक अभ्यासात आपण हा भेद साहित्यकृतींच्या बाबतीत नेहमी करतो. दोन कृतींत ऋणानुबंध नसतानाही त्यांच्यातील रचनासाम्य एकीवर प्रकाश टाकू शकते, मात्र साम्य नेमके कशात आहे ते सांगता आले पाहिजे. येथे ते सांगता येते : दृश्याची क्रमाक्रमाने होणारी झाकापाक आणि पाहणाऱ्याला एका जागी उभे राहू न देणारी मांडणी.

फोर्ट विल्यमशी केलेला विरोध तर अधिक फलदायी आहे. युरोपीय प्रबोधनकाळापासून रूढ झालेले यथार्थदर्शन एका स्थिर डोळ्याची कल्पना करते आणि सर्व रेषा त्या डोळ्याच्या हिशेबाने आखते. कोनबद्ध बुरुजांचे दुर्गशास्त्रही त्याच प्रबोधनकालीन इटलीत जन्मले. दोहोंनाही भूमितीच्या साहाय्याने अवकाश पूर्णपणे दृष्टीच्या ताब्यात आणावयाचा होता. घनवादाने हा स्थिर डोळा नाकारला. १९२२ च्या कलकत्त्यात, मैदानावरच्या त्या सर्वदर्शी किल्ल्यापासून काही मैलांवर, एक चित्रकार असे घर रंगवीत होता की ज्यात कोणत्याही एका जागेवरून सर्व दिसत नाही. यात चित्रकाराचा राजकीय हेतू होता असे म्हणणे अतिव्याप्त होईल. परंतु परकीय सत्तेखाली असलेल्या समाजात घराचे अंतरंग दृष्टीआड राखणाऱ्या चित्राला जो अर्थ प्राप्त होतो, तो अभ्यासकाने नोंदवू नये असेही नाही. विद्यार्थिनीने तो शब्दांत मांडला नव्हता. तिच्या तुलनेतून तो निष्पन्न होतो.

६

मराठी सौंदर्यविचाराच्या संदर्भात अशा प्रतिसादाचे स्थान कोणते? बा. सी. मर्ढेकरांच्या भूमिकेतून पाहिले तर टिपणाचा पहिला भाग मान्य होईल आणि दुसरा बाजूस पडेल. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी बांधलेली संवेदनांची रचना म्हणजे कलाकृती, असे मानल्यावर प्रकाशाच्या पट्ट्यांतील विरोध आणि खालच्या लहान आकृतीने साधलेला समतोल हेच विवेचनाचे विषय उरतात. किल्ला, खंदक, माजघर या लौकिक आठवणी ठरतात. या भूमिकेचे सामर्थ्य नाकारता येत नाही. चित्रासमोर उभे राहून स्वतःच्या आठवणींत रमणाऱ्या रसिकाला तिने योग्य वेळी जागे केले. मात्र ‘कवडसा’ ही लौकिक आठवणच होती, आणि तिच्यावाचून चित्राच्या लयीचा उगम विद्यार्थिनीला सापडला नसता, ही वस्तुस्थितीही दुर्लक्षिता येत नाही.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये आपला कलाविचार हेलकावत असतो, हे दाखवून दिले. प्रस्तुत टिपण या दोन ध्रुवांमधील ये-जा प्रत्यक्षात कशी घडते याचा नमुना आहे. आठवण चित्राकडे नेते, चित्र आठवणीला दुरुस्त करते, आणि दुरुस्त झालेली आठवण पुन्हा चित्रावर लावून पाहता येते. लौकिक अनुभव दाराबाहेर ठेवला पाहिजे असे नाही. तो दारात अडवून त्याची झडती घेतली पाहिजे.

दुसरा संदर्भ कलासमीक्षेच्या इतिहासातील आहे. डब्ल्यू. जी. आर्चर यांनी १९५९ मध्ये भारतीय आधुनिक कलेवर लिहिताना गगनेंद्रनाथांचा घनवाद अस्सल घनवादाची दुबळी नक्कल ठरविला. पार्थ मित्तर यांनी २००७ मध्ये या दृष्टिकोणाची सविस्तर चिकित्सा केली. युरोपेतर कलावंताने युरोपशी साम्य राखले तर तो अनुकरण करणारा, आणि साम्य राखले नाही तर त्याला ते जमले नाही, अशी ही दुहेरी कोंडी आहे. आर्चर यांचे मत विद्यार्थिनीला आधी सांगितले असते तर तिला चित्रात जिना न फुटणे ही उणीव वाटली असती. तिने ती उणीव म्हणून पाहिली नाही, कारण तिच्यापाशी पॅरिसचे माप नव्हते, माजघराचे होते. अज्ञान हे नेहमीच हितकारक असते असा याचा अर्थ नव्हे. मापे एकाहून अधिक असली पाहिजेत, आणि त्यांतील एक तरी पाहणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेतले असले पाहिजे, एवढाच अर्थ.

चित्राविषयी मराठीत गंभीरपणे लिहिणे अशक्य आहे असेही नाही. द. ग. गोडसे यांचे ‘पोत’ (१९६३) आणि चित्रकार प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) ही पुस्तके त्याची साक्ष देतात. पोत हा विणकराचा शब्द आहे आणि गोडसे यांनी त्याला कलाविचारात स्थान दिले. खेद एवढाच, की ही पुस्तके साहित्याच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला क्वचितच येतात. चित्रकलेचा अभ्यास एका इमारतीत आणि भाषेचा दुसऱ्या इमारतीत अशी आपली व्यवस्था आहे.

७

टिपणाच्या शेवटी एक वाक्य असे होते की ज्यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली. ज्या मुलखातून बर्गी आले त्या मुलखातली मी या घरात डोकावते आहे, आणि ती स्त्री पाठ फिरवून उभी आहे, अशा आशयाचे ते वाक्य होते. काही बंगाली सहाध्यायांना ते भावले. एकाने मात्र हरकत घेतली. चित्रातील स्त्रीला बर्गींचे काहीच ठाऊक नाही, ती अठराव्या शतकातली नाही, आणि तिच्या पाठमोरेपणाला असा अर्थ देणे म्हणजे स्वतःच्या अपराधभावनेची खुंटी चित्रावर ठोकणे होय, असे त्याचे म्हणणे. वाद मिटला नाही, आणि तो मिटविण्याची आवश्यकताही नव्हती. परंतु त्यातून एक निकष स्पष्ट झाला. ‘कवडसा’ आणि ‘गोमुख’ हे शब्द चित्रातील दिसणाऱ्या गोष्टींकडे बोट दाखवितात. कोणीही चित्र समोर ठेवून ते तपासू शकतो. ‘बर्गी’ हा शब्द पाहणारीकडे बोट दाखवितो. तो चित्राविषयीचे विधान नाही. कोण पाहते आहे याची ती नोंद आहे.

अशा नोंदीला अभ्यासात स्थान आहे काय? आमच्या मते आहे, मात्र तिने विधानाचा वेश घेऊ नये. मराठी वाचक बंगाली कृतीसमोर उभा राहतो तेव्हा दोन भाषांमध्ये केवळ अनुवादाचे अंतर नसते. त्यांच्यामध्ये एक बुजविलेला खंदकही असतो. भारतीय साहित्यांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांनी परस्परसंबंधांची यादी करताना संत, यात्रा, छापखाने आणि भाषांतरे यांचा उल्लेख आवर्जून करावा; तसा भीतीचाही करावा. एका भाषेत ज्या शब्दाने साधा स्वार कळतो त्याच शब्दाने दुसऱ्या भाषेत लेकरे डोळे मिटून घेतात, ही वस्तुस्थिती कोणत्याही कोशातील नोंदीइतकीच महत्त्वाची आहे. किल्ल्याला आता आपल्या किनाऱ्यावरील दुर्गाचे नाव मिळाले म्हणून ती पुसली जात नाही.

या सर्व विवेचनातून अध्यापनाच्या दृष्टीने तीन गोष्टी निघतात. एक, विद्यार्थ्याने आधी वर्णन करावे आणि ते घरच्या शब्दांत करावे. परिभाषा नंतर यावी, आणि आली की तिने घरच्या शब्दाशी झगडावे. दोन, आणलेला प्रत्येक शब्द चित्रावर लावून पाहावा आणि तो कोठे अपुरा पडतो ते लिहावे; प्रतिसादाचे मोल बहुधा त्या अपुरेपणाच्या नोंदीत असते. तीन, चित्रात काय आहे आणि आपण काय घेऊन आलो आहोत, यांतील सीमारेषा टिपणात उघड दिसावी. या तीन अटी पाळल्या गेल्या तर ‘मला असे वाटले’ हे वाक्य उत्तरपत्रिकेतून खोडून काढण्याचे कारण उरत नाही. दोन शतकांपूर्वी या शहरातल्या परक्या तरुणांसाठी आपल्या भाषेचे व्याकरण छापले गेले. त्या भाषेतल्या विद्यार्थिनीने आज तिच्याच शब्दांनी एक अनोळखी चित्र पाहावे आणि ते इतरांना तपासता येईल अशा रीतीने मांडावे, ही त्या व्याकरणाला मिळालेली अनपेक्षित पण योग्य पुरवणी आहे. परीक्षकांनी तिला गुण देताना तरी तिच्या डोळ्यांचा विचार करावा.